नलूमावशींचं विसावलेलं पीठ

नलूमावशी गेल्या ही बातमी मला आठवड्यानं कळली. त्यांची मुलगी वैशाली हिनं ॲरिझोनाहून फोन केला. "काका, सॉरी हं. सगळ्यांना कळवायच्या गडबडीत तुमचं राहूनच गेलं." मी "असू दे" म्हणालो, फोन ठेवला आणि दुकानाच्या मागच्या दारी पडलेलं एक रिकामं खोकं लाथा मारत मारत कुंपणापर्यंत नेलं. राहून गेलं म्हणे!

त्याच संध्याकाळी अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, "शांत, सोशिक, मायाळू व्यक्तिमत्त्व." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. शांत? सोशिक? या लोकांनी नलूमावशींना गणपतीच्या आरतीला मागच्या रांगेत उभं राहिलेलं पाहिलेलं. धुरावलेल्या तेलासमोर उभं राहिलेलं पाहिलंय ते मी आणि माझ्या स्वयंपाक्यानं, ओमारनं. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही, लिहिलं असतं तर भांडण झालं असतं. म्हणून इथं लिहितो.

माझं नाश्त्याचं हॉटेल आहे. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला नखं रंगवून देणाऱ्या बायका, मधे मी. इथले मराठी लोक बहुतेक सगळे कॉम्प्युटरवाले. मी नाही. बार्शीतल्या हॉटेलात जे करत होतो तेच अमेरिकेत येऊन केलं. आधी भांडी घासली, मग तवा सांभाळला, मग गल्ल्यावर बसलो, आणि शेवटी म्हाताऱ्या मालकाला घासाघिशीत इतकं दमवलं की कंटाळून त्यानं दुकान मलाच विकलं. हे सांगायचं कारण एवढंच, की माझ्यासमोर कुणी वरच्या आवाजात बोललेलं मी फारसं ऐकून घेत नाही.

तर एका रविवारी ऐन गर्दीत वैशाली, तिचा नवरा, त्यांची छोटी इरा आणि एक उंच, काटकुळी म्हातारी असे चौघं आले. म्हातारीच्या अंगात पँट, वर पुरुषी स्वेटर, पायात जाड तळव्यांचे बूट आणि कपाळाला टिकली. पॅनकेकची बशी समोर आली तशी तिनं काट्यानं एकाची कड उचलली, खाली वाकून पाहिलं आणि काटा ठेवून दिला. मग बोट वर करून मला बोलावलं. शाळेत बाई बोलावतात तसं.

"मालक तुम्हीच?"

"हो."

"मराठी दिसता."

"हो मावशी. काय आणू?"

"हे पीठ काल रात्रीचं आहे."

खरं तर ते काल दुपारचं होतं. पण ते मी कशाला सांगू?

"मावशी, लोक रांगेत उभे राहून खातात हे."

"लोकांना भूक लागलेली असते."

वैशाली "आई, प्लीज, नॉट हिअर" असं पुटपुटत होती. आजूबाजूची टेबलं बघायला लागली होती. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "आवडलं नसेल तर रस्ता समोरच आहे, मावशी."

"रस्ता मला आल्यापासून दिसतोय. मी स्वयंपाकघर कुठंय ते विचारतेय."

आणि उठून गेल्यासुद्धा. मी मागून धावलो. तोवर त्यांनी पिठाच्या बादलीचं झाकण काढलं होतं आणि ओमारला काहीतरी सुनावत होत्या. ओमार एल साल्वादोरचा, मावशींचं इंग्रजी विलायतेतल्या यॉर्कशायरचं. त्याला एक अक्षर कळलं नसावं, पण त्यानं हातातली पळी खाली ठेवली होती.

"यात बेकिंग पावडर आहे ना?" त्या माझ्याकडे वळल्या. "मग भिजवल्यावर हे फुगायला लागतं. याचं फुगून सगळं रात्री बादलीतच झालंय. आता तव्यावर काय फुगणार, कपाळ? कोरडं कोरड्यात ठेवायचं, ओलं ओल्यात ठेवायचं आणि सकाळी लागेल तसं एक करायचं. मैदा कुठंय?"

मी मैदा दाखवला. का दाखवला ते आजही सांगता येणार नाही. त्यांनी अंडी, दूध, वितळलेलं लोणी एकत्र केलं, कोरडं त्यात घातलं, चमच्यानं चार वेळा इकडचं तिकडं केलं आणि थांबल्या.

"गुठळ्या राहिल्यात," मी म्हणालो.

"राहू देत. याला घोटायचं नसतं. घोटलंस की चिवट होतं."

'तुम्ही'वरून 'तू'वर त्या या एका वाक्यात आल्या आणि पुन्हा कधी मागे गेल्या नाहीत.

तव्यावर ते पॅनकेक असे वर आले की ओमारनं छातीवर क्रॉसची खूण केली. मी एक उभ्याउभ्याच खाल्ला. "बरे आहेत," म्हणालो. ज्याला पुढं घासाघीस करायची असते त्यानं 'छान' म्हणायचं नसतं.

"बरे?" मावशींनी हात पुसले. "मग उद्या येते."

अशा त्या आल्या, आणि पुढची काही वर्षं येत राहिल्या. घर जवळ होतं. सायकलींच्या वाटेनं ताडताड चालत यायच्या. थंडीत डोक्याला मफलर बांधून आल्या की दारातून आत येताना आधी नाक यायचं, मग मावशी.

मूळच्या त्या मिरजेच्या. लग्न होऊन यॉर्कशायरला गेल्या. नवरा लोकरीच्या गिरणीत, आणि त्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात. तिथल्या धिप्पाड बायकांनी नलिनीची नेली केली आणि या नेलीनं त्यांच्याकडून पीठ भिजवायला शिकून घेतलं. नवरा गेल्यावर वैशालीनं आईला अमेरिकेत आणलं. मावशींचं आणण्याविषयी काही म्हणणं नव्हतं. त्यांची तक्रार एकच होती, ती म्हणजे वैशालीच्या घरात छताला लावलेला धुराचा अलार्म.

त्यासाठी यॉर्कशायर पुडिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. नाव ऐकून गोड काही डोळ्यांसमोर आणू नका. मैदा, अंडी, दूध आणि मीठ, बस. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही. सरसरीत पीठ करायचं, खळगे असलेल्या पत्र्यात थोडं थोडं तेल घालून तो ओव्हनमध्ये इतका तापवायचा की तेलातून धूर निघाला पाहिजे, आणि त्या धुरावलेल्या तेलात गार पीठ ओतायचं. ते चर्र करतं, आणि मग बंद दाराआड स्वतःच्या वाफेवर फुगत फुगत खळग्याच्या बाहेर येतं. कडा कुरकुरीत, मध्ये वाटीसारखा खोलगटपणा. त्यात तिकडचे लोक मांसाचा रस्सा घालतात. मावशी कांद्याची दाट आमटी घालायच्या.

दर रविवारी हे करायचं, हे मावशींचं तिथं इतकी वर्षं चाललेलं. इथं वैशालीच्या घरात तेल धुरावलं की अलार्म कोकलायचा, इरा कानांवर हात ठेवून रडायची, आणि एकदा तर आगीचा बंबच दारात येऊन उभा राहिला. मग जावई गोड आवाजात म्हणाला, "आई, बाकी काहीही करा. फक्त हे नको." तेव्हापासून मावशींना जगात एकच गोष्ट हवी होती: जिथं तेल धुरावलं तर कुणी हूं की चूं करणार नाही अशी जागा. माझ्या शेगडीवर धूर ओढणारा मोठा पंखा होता. त्यांनी पहिल्या दिवशी आत शिरल्या शिरल्या आधी त्याच्याकडे पाहिलं होतं, पिठाच्या बादलीकडे नंतर. हे मला ओमारनं पुढं सांगितलं.

म्हणजे बघा, सौद्यात सुरुवातीपासून त्यांनी मला अंधारात ठेवलं होतं.

रविवारी पुडिंगं विकायला ठेवली. गोऱ्यांना वाटलं मराठी पदार्थ आहे, मराठी लोकांना वाटलं गोऱ्यांचा आहे, आणि दोघांनीही खाल्ला.

मावशींची पीठ भिजवायची रीत मी रोज पाहिली. एक स्टीलचं पातेलं होतं. त्यात अंडी फोडायची, ती जिथवर येतील तिथवर बोट लावायचं. तेवढंच दूध, तेवढाच मैदा. वजनकाटा नाही, कप नाही. "अंडी लहानमोठी असतात. काट्याला ते काय कळतंय?" मग घोटायला बसायच्या. पॅनकेकच्या पिठाला हात लावायचा नाही म्हणणारी हीच बाई या पिठाला मात्र दंड दुखेपर्यंत घोटायची. एक गुठळी ठेवायची नाही. आणि झालं की लगेच झाकण घालून फ्रीजमध्ये.

"आत्ताच वापरलं तर?" मी एकदा विचारलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"इतका मार खाल्लाय त्यानं. लगेच कामाला जुंपतोस? निजू दे जरा."

रात्रभर निजलेलं पीठ सकाळी दाट व्हायचं, वर करडी साय यायची, तळाला मैदा बसायचा. ओतायच्या आधी ते एकदा खालवर ढवळायचं, लागलं तर दुधाचा हबका मारायचा. झाकणावर कागदी पट्टी चिकटवून त्या वार लिहायच्या, मराठीत. रवि, सोम, मंगळ. ओमारला वाचता येईना म्हणून त्यांनी त्याला सात वार शिकवले. अजून त्याला 'अ' काढता येत नाही, पण 'शुक्र' झोकात लिहितो.

आमचं भांडण व्हायचं ते साठवणीवरून. माझं म्हणणं, एकदाच मोठं पातेलं भिजवावं आणि आठवडाभर पुरवावं. फ्रीज कशाला आहे? मावशींचं म्हणणं, दोन दिवस, त्यापुढे एक सकाळ नाही.

"फेकायचं?" मी ओरडायचो. "एवढी अंडी, एवढं दूध?"

"फेकतंय कोण? आज संध्याकाळी धिरडी घालते त्याची. तुला, मला, ओमारला."

"आणि गोठवलं तर?"

"भाजलेली पुडिंगं गोठव, खुशाल गोठव. कच्चं पीठ गोठवायचं नाही. माझ्या देखत नाही."

"दुकान कुणाचं आहे, मावशी?"

"तुझं. पीठ माझं."

मी पाय आपटत बाहेर जायचो. परत येईतो कांदा, मिरची, कोथिंबीर घातलेली धिरडी तव्यावर असायची आणि ओमार बशी घेऊन उभा असायचा. चिडून खाल्लेलं धिरडंही उतरतंच पोटात.

एकदा त्या तापानं आजारी पडल्या. रविवार तोंडावर आलेला. मी म्हटलं, त्यात काय एवढं, आणि बोट लावून लावून पीठ केलं, घोटलं. आता विसावा द्यायचा. थंडीचे दिवस होते. आमच्या घरी, आणि इथल्या कुठल्याही मराठी घरी, थंडीत इडलीचं पीठ बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवतात. त्या उबेत ते छान निजतं. मीही पातेलं तसंच ठेवलं, दिवा लावला आणि घरी गेलो.

सकाळी दार उघडलं तर ओमार बाहेर रस्त्यावर उभा. आत जायला तयार नाही. वास असा, की शेजारच्या नखंवाल्या बायका विचारायला आल्या. आणि नेमक्या तेव्हाच शाल गुंडाळून मावशी हजर. ताप उतरला नव्हता, पण रविवार होता.

"हे काय केलंस?"

"निजवलं."

"निजवलं नाहीस, मारलंस! यात अंडी आहेत, दूध आहे. हे काय उडीद-तांदूळ आहेत?"

"तुम्हीच म्हणालात विसावा द्या!"

"विसावा फ्रीजमध्ये!"

"मग तसं सांगायचं! मी काय यॉर्कशायरला जन्मलोय?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. "सदाशिव," त्या म्हणाल्या, "मी पहिल्यांदा केलं तेव्हा बॉयलरशेजारी ठेवलं होतं. तिथं फार गारठा, म्हटलं आंबणार कसं बिचारं. मुख्य बाईनं उचलून फेकलं, आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी घरी जाऊन रडले. तू निदान भांडतोस तरी." आणि बाही सरसावून नवी अंडी फोडायला लागल्या.

शनिवारी आम्ही शेतकऱ्यांच्या बाजारात अंडी आणायला जायचो. आता भाव करणं हा माझा धर्म. पण मावशींसमोर मी पोरगा. त्या अंडीवाल्या गोऱ्याशी आधी त्याच्या कोंबड्यांच्या तब्येतीविषयी बोलायच्या. मग एक अंडं उजेडात धरायच्या. मग सुस्कारा. मग एक भाव बोलून शांतपणे पुढं चालू लागायच्या. गोरा बापडा, त्याला हा खेळ कुणी शिकवलेला नाही. पाचसात पावलांत हाक मारायचा, "मॅम!"

एकदा त्या थांबल्या लांब आणि मला म्हणाल्या, आज तू कर. मी केलं, चालू लागलो, आणि अंदाज घ्यायला जरासं मागे पाहिलं. हाक आली नाही.

"मान वळवलीस," मावशी म्हणाल्या. "वळवायची नसते. कान मागं, मान पुढं. आपल्याला गरज आहे हे त्याला मानेवरून कळतं."

हे त्यांचे शब्द. मी माझ्या मनानं काही जोडत नाहीये. पुढं जे झालं त्यात कुणाचं चुकलं हे वाचणाऱ्यानं ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

झालं असं, की वैशालीच्या नवऱ्याला ॲरिझोनात चँडलरला नोकरी लागली, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. वैशाली मला सांगायला आली तेव्हाच तिनं घर विकायला काढलं होतं.

"काका, आईला तुम्ही जरा समजवा ना. ती काहीच बोलत नाहीये. तिचं सगळं या किचनमध्ये आहे, आय नो. पण इराला सांभाळायला... आणि तिला एकटीला इथे कशी ठेवू? लोक काय म्हणतील, आईला हॉटेलात कामाला ठेवून गेली?"

"कामाला नाहीत त्या. माझ्या बॉस आहेत," मी म्हणालो. वैशाली हसली नाही.

माझ्या मनात सगळं तयार होतं. घराचं बेसमेंट रिकामं होतं, स्वतंत्र दार, स्वतंत्र शेगडी. आणि दुकानात भागीदारी. हो, भागीदारी. मी आयुष्यात कुणाला देऊ केली नव्हती. पण हे सगळं एकदम टेबलावर मांडायचं नसतं.

दुपारी दुकान बंद झाल्यावर मावशी मागच्या टेबलाशी दुसऱ्या दिवशीचं पीठ घोटत बसल्या होत्या. मी समोर बसलो.

"वैशाली येऊन गेली," मी म्हणालो.

"कळलं."

"तुमच्या मनात काय आहे?"

"आधी तू बोल."

"तुमचं जाणं आहे. तुम्ही बोला."

"तुझं दुकान आहे. तू बोल."

त्या पीठ घोटतच राहिल्या. शेवटी मी म्हणालो, "माझं बेसमेंट पडूनच आहे. राहायचं तर राहा. नाही राहिलात तरी माझं काही अडत नाही म्हणा. ओमारला आता सगळं येतं."

"अडत नाही?"

"छे."

"मग बरं झालं," मावशी म्हणाल्या. "मला आपली उगीच काळजी."

मी उठलो, एप्रन काढला आणि माल उतरवायची गाडी आली असावी असं दाखवत मागच्या दाराकडे चालू लागलो. मान पुढं. दाराच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिलो. मागे पातेल्यावर चमचा वाजत होता. मग थांबला. मी म्हटलं, आता. आता हाक येणार, "अरे सदाशिव, ये इकडे, नीट बोल." फ्रीजचं दार उघडल्याचं ऐकू आलं. बंद झाल्याचं ऐकू आलं. मग पुढच्या दाराची घंटी वाजली.

आता मला सांगा. पहिला भाव हा खरा भाव नसतो, हे ज्या बाईला बाजारात उभ्याउभ्या कळायचं, तिला माझ्या तोंडचं 'अडत नाही' खरं वाटलं असेल? शक्य नाही. त्यांना कळलं होतं. एक हाक मारायची होती, बस. मी बेसमेंटपाशी थांबलो नसतो, भागीदारीपर्यंत आलो असतो. पण नाही. त्यांनीही मान वळवली नाही. माझ्यासमोरच वळवायची नव्हती?

त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. सामान बांधायचं होतं म्हणे. त्यांच्या घरी मीही गेलो नाही. जाणार त्या होत्या, निरोप घ्यायला त्यांनी यायचं. आणि ज्या दिवशी त्यांचं विमान गेलं त्या दिवशी मी ओमारवर विनाकारण इतका ओरडलो की तो दुपारी घरी निघून गेला.

पुडिंगं बंद केली नाहीत. ओमार बोट लावून पीठ करतो, फ्रीजमध्ये ठेवतो, पट्टीवर वार लिहितो, आणि ती फुगतात. तक्रार करायला जागा नाही. पण दोन दिवसांचं पीठ उरलं की तो माझ्याकडे बघतो आणि मी म्हणतो, "फेक." धिरडी घालावीत असं त्याला वाटतं, मलाही वाटतं. तिघांची असायची ती. दोघांसाठी तवा तापवायचा कंटाळा येतो.

फोनवर बोलणं व्हायचं, नाही असं नाही. सुरुवात हवेनं, मग पीठ. "इथलं पीठ तहानलेलं आहे रे," मावशी म्हणायच्या. "हवाच इतकी कोरडी. बोटापेक्षा वर दूध मागतं. तुझ्याकडे कसंय?" मी म्हणायचो, "आमच्याकडे दमट. पीठ सैल होतं." "मग दूध हात राखून घाल." "घालतो." तिकडून इरा "आजी!" म्हणून ओरडायची आणि फोन संपायचा.

मागच्या हिवाळ्यात मी चँडलरला गेलो. वैशालीला सांगितलं की तिकडं बंद पडलेल्या एका हॉटेलचं सामान विकायला निघालंय, ते बघायला आलोय. असं कुठलंही सामान निघालेलं नव्हतं.

सकाळ होती. ऊन कोवळं, आणि हवा अशी स्वच्छ की दूरचा डोंगर हाताला लागेल. त्यांच्या गल्लीत शिरलो तर एका गॅरेजचं दार सताड उघडं आणि आतून धूर. नळ शोधावा असा धूर. मी गाडी सोडून पळतच गेलो.

आत नलूमावशी. पाठीला बाक आलेला, स्वेटर तोच, कानात ऐकायचं यंत्र. एक जुना ओव्हन भिंतीशी उभा होता. जावयानं आपल्या इलेक्ट्रिक गाडीसाठी बसवून घेतलेल्या प्लगवर तो चालत होता, आणि जावयाची गाडी बिचारी बाहेर रस्त्यावर. शेजारी दुसरा फ्रीज, त्यात झाकलेलं पातेलं. गॅरेजला अलार्म नव्हता. इरा आणि गल्लीतली आणखी पोरं पाटावर बसावं तशी जमिनीवर रांगेनं बसली होती, आणि कुणालाही ओव्हनच्या जवळ यायची परवानगी नव्हती.

"आलास?" मावशी म्हणाल्या. काल भेटल्यासारखं. "हात धुऊन घे. नळ बाहेर आहे."

पहिला घाणा निघाला. पोरांनी फुंकर मारत मारत आमटीत बुडवून खाल्ला. गोरी, काळी, चिनी, सगळी पोरं आमटी मागत होती. इरा मला म्हणाली, "आजीज् आर द बेस्ट. युअर्स आर ओके." मी म्हणालो, "थँक्यू."

दुसऱ्या घाण्याचं तेल तापेपर्यंत आम्ही बाहेर दोन घडीच्या खुर्च्यांवर बसलो. हा माझा वेळ होता. विमानात मी तीन तऱ्हांनी जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून निघालं ते सरळच.

"मावशी, चला परत. माझं अडतंय."

त्यांनी यंत्र ठीक केलं. "काय म्हणालास?"

"अडतंय माझं. बेसमेंट आहे. दुकानात निम्मी भागीदारी. पीठ तुमचं. आठवड्याचं साठवा म्हणणार नाही."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, एकदा, पीठ उडावं तशी. "कुठल्या कुठं येऊन बोललास रे," म्हणाल्या. "आता इथं हे बसवून घेतलंय मी. जावयाशी सहा महिने बोलले नाही तेव्हा हा प्लग मिळाला." आणि गॅरेजकडे हनुवटी वळवली. "ही पोरं दर रविवारी येतात. त्यांना कुणी सांगायचं?"

"पोरांचं काय, पोरं मोठी होतात."

"म्हणूनच." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तू ये. दुकान विक आणि इकडं ये. इथं नाश्त्याला धड एक जागा नाही. मी येते भागीदारीत."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो म्हणजे नाही."

"तसं नाही, मावशी."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि माझा हात क्षणभर आपल्या हातात धरून ठेवला. हात खरखरीत होता आणि गरम.

मी निघालो तेव्हा त्या गाडीपर्यंत आल्या. दुसरा घाणा नुकताच आत गेला होता आणि त्यांचं अर्धं लक्ष तिकडं होतं. "पोचलास की फोन कर. आणि ओमारला सांग, थंडीत तेल जास्त वेळ तापव." मी गाडी सुरू केली. वाटलं, वळणापर्यंत थांबतील, हात करतील. पण मी गल्लीच्या निम्म्यात असतानाच त्या पाठमोऱ्या झाल्या आणि त्या वाकलेल्या पाठीनं शक्य तितक्या भराभर चालत गॅरेजमध्ये शिरल्या. मी काच खाली करून गाडी थांबवली. परत बाहेर येतील म्हणून थांबलो होतो. त्या आल्या नाहीत. आतून पोरांचा एकदम मोठा ओरडा ऐकू आला, म्हणजे पुडिंगं फुगून वर आली होती.